बाहेरचा चेंडू

खेळ शिकवणारा माणूस खेळणाऱ्याच्या जवळ उभा राहतो. हात धरून दाखवतो, खांदा दाबतो, चुकलं की पाठीत धपाटा घालतो. आमचे सर मात्र आमच्या हातात बॅट दिली की चालत चालत मैदानाच्या पार टोकाला जात आणि कुंपणाजवळच्या निंबाखाली उभे राहत. तिथून ओरडत. अर्धं ऐकू यायचं, अर्धं वारा न्यायचा. दोन्ही हात पोटासमोर ओंजळीसारखे धरलेले, कोणी प्रसाद वाढणार असल्यासारखे. पहिला महिनाभर आमची पक्की समजूत होती, की सर आमच्या बॅटीला भितात.

ही अमडापूरची गोष्ट. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं, आणि मी नववीत होते. सर आम्हाला भूगोल आणि ड्रिल शिकवत. बाकीचे मास्तर खाकी पिशवी नि छत्री घेऊन शाळेत येत, सर सायकल घेऊन येत. पण सायकलवर बसलेले त्यांना कोणी पाहिलं नाही. ते ती हातात धरून चालवत. कॅरिअरला चुन्याची पिशवी बांधलेली असायची. मैदान आखायला चुना आणि स्वतःचे कॅनव्हासचे बूट रंगवायलाही तोच चुना. त्यामुळे सर कुठून कुठे गेले ते शाळेत कोणाला विचारावं लागत नसे. पांढरी पावलं ऑफिसात गेलेली दिसायची, तिथून पाण्याच्या माठाकडे, तिथून आमच्या वर्गात. शिपाई रोज सकाळी फडकं घेऊन ती पावलं पुसायचा आणि रोज सरांच्या नावानं खडे फोडायचा. सर त्याला म्हणायचे, "जाऊ द्या. उद्या पुन्हा होईन."

'जाऊ द्या' हा त्यांचा शब्द. बाजारात भाजीवालीनं दोन वांगी कमी घातली, जाऊ द्या. पोस्टाच्या रांगेत कोणी मध्ये घुसला, जाऊ द्या त्याले. एकदा शेळीनं त्यांचा वाळत घातलेला सदरा खाल्ला. शेळीचा मालक धावत आला, तर सर बाहीचा उरलेला तुकडा शेळीपुढे धरून उभे. "आता एवढा खाल्ला तं हा कोणाले ठिवू?" म्हणाले. गावानं त्यांचं नाव 'जाऊद्या मास्तर' ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

आणखी एक खोड सांगते. वर्गात हजेरी घ्यायची तर सगळे मास्तर एक नंबरपासून घेतात. सर शेवटच्या नंबरापासून घेत. आमच्या वर्गात शेवटचा नंबर कुसुमचा, ती शाळेत उशिरा दाखल झाली म्हणून. बाकीच्या मास्तरांच्या तासाला तिचं नाव येईपर्यंत तासाची पाच मिनिटं गेलेली असत आणि वर्गाचा कालवा इतका वाढलेला असे, की ती 'हजर' म्हणाली काय नि नाही म्हणाली काय. सरांच्या तासाला पहिलं नाव तिचं. ती त्या दिवसापासून सरांसाठी जीव टाकायला तयार होती. लग्नातल्या पंगतीतही सर सगळ्यात शेवटच्या पाटावर बसायचे. तिथवर बुंदी पोहोचायची ती चुऱ्याचीच. आणि वाढायला उभे राहिले की मात्र परात घेऊन थेट टोकाला जायचे आणि तिथून सुरुवात करायचे. मानाच्या माणसांना राग यायचा. सर म्हणायचे, "तुमाले तं भेटणारच हाये हो."

एका सुट्टीत शाळेनं त्यांना अमरावतीला दहा दिवसांच्या शिबिराला पाठवलं. परत आले ते एक बॅट, दोन चेंडू आणि बदामी कागदाचं कव्हर घातलेली एक वही घेऊन. सॉफ्टबॉल नावाचा खेळ शिकून आले होते. गावात हे नाव कोणी ऐकलेलं नव्हतं.

"क्रिकेट काय हो मास्तर?" माझ्या मोठेबाबांनी विचारलं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. आमची माळ्याची शेती, वांगी-मिरची-कोथिंबीर, आणि घरातला शेवटचा शब्द मोठेबाबांचा.

"क्रिकेट नाई," सर म्हणाले. "त्याच्या भावकीतलाच हाये, पण वेगळा राह्यते."

सरांनी वही उघडून, वहीत बघत बघत, मैदान आखलं. बॅट घेऊन उभं राहायची जागा, आणि तिथून चौकोनात आणखी तीन जागा. खऱ्या खेळात तिथे बेस असतात. आमच्याकडे भुसा भरलेली पोती. समोरची मुलगी हात खालून फिरवून चेंडू टाकणार, आपण तो मारायचा आणि पहिल्या पोत्याकडे पळत सुटायचं. चेंडू त्या पोत्यावर आपल्याआधी पोहोचला तर आपण बाद. पुढे दुसरं पोतं, तिसरं पोतं, आणि फिरून घरी आलं की एक धाव. वहीत पहिल्या ओळीत जांभळ्या शाईनं लिहिलं होतं: पहिला बेस डाव्या हाताला. ते सरांनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि पहिलं पोतं डाव्या हाताला ठेवलं.

मुलांना कबड्डी सोडायची नव्हती, म्हणून हा खेळ आम्हा मुलींच्या वाट्याला आला. नऊ जणी जमलो. मोठेबाबा आधी नाही म्हणाले. मग एका गुरुवारी मैदानाच्या कडेला येऊन बसले, माझा एक फटका बघितला, आणि त्या दिवसापासून रोज येऊन बसायला लागले.

कारण तो फटका होता तसाच. मैदानाच्या डाव्या बाजूला आठवडी बाजार भरायचा. मी चेंडू असा ओढून मारला, की तो कुंपणावरून जाऊन थेट मिरचीच्या ढिगात पडला. बाजारातनं आरडाओरडा झाला. कोणी शिट्टी मारली. मोठेबाबांनी मांडीवर थाप मारली. मी ऐटीत निंबाकडे बघितलं. सर तिथेच उभे, हात ओंजळीसारखे. ते सगळं मैदान ओलांडून माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "चेंडू कुठी होता?"

"कुठी म्हणजे?"

"तुह्याजवळ होता का दूर?"

दूर होता. म्हणजे माझ्या अंगापासून लांब, उजवीकडच्या बाजूनं जात होता. त्याला सर बाहेरचा चेंडू म्हणत. तो मी वाकून, हात लांब करून, डावीकडे ओढला होता.

"जो दूर चालला त्याले काऊन ओढतं? तो तिकडं जाऊन राह्यला तं तिकडंच जाऊ दे. उजवीकडं. माह्याकडं."

झालं. त्या दिवसापासून सर आणि मोठेबाबा यांचं जे जुंपलं ते दोन हिवाळे चाललं. मोठेबाबांचं म्हणणं, पोरीच्या हातात जोर आहे, विळ्यानं ज्वारी सोंगून सोंगून मनगटं तयार झालीत, तिला ओढून मारू द्या. लहान वयात नाही हाणायचं तर कधी? सरांचं म्हणणं, लहान वयात जे हाताला लागतं ते जात नाही. आत्ता समोरची पोरगी हळू टाकते म्हणून ओढता येतं. उद्या जोरात टाकणारी भेटली, की हीच पोरगी बाहेरच्या चेंडूवर हवेत बॅट फिरवत बसेल, नाहीतर ठप्प करून दोन पावलांवर चेंडू टाकेल.

"विळा ओढाचा असते, मोठेबाबा. बॅट नाई." सरही त्यांना मोठेबाबाच म्हणत, सगळं गाव म्हणायचं.

"मंग बाजारात चेंडू गेला तो काय आपोआप गेला?"

"गेला ना. मिरचीवालीनं दोन दिवस दिला नाई, ते बी सांगा."

हेही खरं होतं. चेंडू दोनच, त्यातला एक आधीच उसवलेला, आणि तेवढे दोन दिवस आम्ही चिंध्यांच्या चेंडूवर काढले.

मला मोठेबाबांचंच पटायचं. चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलीला तेच पटलं असतं. ओढून मारलेल्या चेंडूला टाळ्या पडतात. उजवीकडे सरपटत गेलेल्या चेंडूला कोण टाळ्या देतो? सरांनी निंबाच्या फांदीला दोरीनं चेंडू टांगला, अंगापासून लांब, आणि रोज पन्नास वेळा मारायला लावला. मी पन्नास वेळा ओढला. दोरी फांदीला गुंडाळली जायची. सर सोडवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा."

शेवटी ते एका सकाळी आमच्या मळ्यात आले. मी वांग्याला पाणी देत होते. इंजिन चालू होतं, दांडानं, म्हणजे मातीच्या पाटानं, पाणी येत होतं, आणि मी फावडं घेऊन एकेक वाफा भरत होते. सर बांधावर उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, हे पाणी तू वाफ्यात कसं नेतं?"

"कसं म्हणजे? येते ते. आलं का फावडं आडवं धरते."

"ओढत नाई?"

"पाणी कोणाले ओढता येते का, सर!"

"आधीच फावडं घातलं तं?"

"तं चिखल होते."

"मंग?"

"मंग काय, येऊ द्याचं. पायापाशी आलं का वाट दाखवाची."

सरांनी सायकल वळवली आणि गेले. संध्याकाळी मैदानावर बाहेरचा चेंडू आला, आणि कसं कोण जाणे, माझे हात थांबले. येऊ दिला. अजून येऊ दिला. पार पायापाशी आल्यावर नुसती बॅट आडवी धरून वाट दाखवली. हाताला काही जाणवलंही नाही इतका तो बॅटीच्या मधोमध लागला आणि उजवीकडे, जमिनीपासून दोन हात उंचावरून, निंबाकडे गेला. सर पुढे धावले, त्यांच्या हातांतून तो निसटला, ते पडले, आणि पडल्यापडल्या ओरडले, "असा! असा! असा!" चुन्याचे बूट हवेत.

त्यानंतर मला तो फटका सोडवेना. आणि आमच्या मैदानावर त्याचा फायदाही होता. पहिलं पोतं डावीकडे, चेंडू उजवीकडे. तो कोणी आणून टाकेपर्यंत मी पहिल्या पोत्यावर जाऊन वेणी नीट करून उभी असायची. सर हे मोठेबाबांना दाखवून द्यायचे. मोठेबाबा म्हणायचे, "पण आवाज नाई त्याच्यात."

दुसऱ्या वर्षी हेडमास्तरांनी सरांना बोलावलं. ते सरळ माणूस होते, पण मैदान एक नि खेळ चार. त्यांनी सांगितलं, बुलढाण्याला जिल्ह्याचे सामने आहेत. मुलींना घेऊन जा. एक तरी सामना जिंकून या. नाही जिंकला तर हा खेळ यंदापासून बंद, मैदान कबड्डीला. सरांनी हे आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. आमच्यापासून काही लपवणं त्यांना येत नसे. मग म्हणाले, "एकच तं जिंकाचा हाये," आणि निंबाखाली जाऊन उभे राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी एकदाही आवाज दिला नाही. मला पहिल्यांदा कळलं, की या माणसालाही काही एक गोष्ट जाऊ द्यायची नाही.

पोरी एकट्या परगावी कशा जाणार, म्हणून मोठेबाबा बरोबर आले. पहाटेच्या एस.टी.नं चिखलीवरून बुलढाण्याला. नऊ जणी, बॅट, दशम्या-चटणीचं गाठोडं, आणि शेवटच्या सीटवर सर. मैदान मोठं होतं, कडेनं दोरी बांधलेली. पोत्यांऐवजी पांढऱ्या कापडी गाद्या होत्या. आमच्यासमोर एका तालुक्याच्या गावची शाळा होती, त्यांना सगळ्यांना एकसारखे बूट. पहिली बारी त्यांची. त्यांच्या पहिल्या मुलीनं चेंडू मारला आणि पळाली.

उजवीकडे.

मी हसले. आम्ही सगळ्याच हसलो. कुसुम ओरडली, "सर, हे पोट्टी उलटी पळाली!" पंच काही म्हणाले नाहीत. त्यांच्या बाजूची माणसं टाळ्या वाजवत होती. दुसरी मुलगी आली, तिनं मारला, तीही उजवीकडे पळाली. मग आमचं हसू हळूहळू थांबलं.

मी सरांकडे बघितलं. ते दोरीच्या बाहेर उभे होते. त्यांनी खिशातून वही काढली, पहिलं पान उघडलं, मैदानाकडे बघितलं, वहीकडे बघितलं. मग वही उलटी धरली. मग स्वतःच अंगासकट मागे वळून, मान वळवून मैदान बघितलं. आणि खाली बसले. मी एवढ्या वर्षांत माणसाचा चेहरा असा उतरताना पुन्हा पाहिला नाही.

बारी संपल्यावर ते आमच्यापाशी आले. "पोरीहो, चुकलं," ते म्हणाले. "म्या दोन वर्षं तुमाले उलटं शिकवलं. पहिला बेस उजव्या हाताले हाये." त्यांनी वही खिशात घातली. "आता असं करा, उजवीकडं पळा. बाकी काही आठवू नका."

"अन् बाहेरचा चेंडू?" मी विचारलं. कारण आता उजवीकडे मारायचा म्हणजे जिथे पळायचं त्याच बाजूला मारायचा. आमचा सगळा हिशेबच पालटला होता.

सर माझ्याकडे बघत राहिले. "तुले वाटन तसं मार, पोरी," म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतरच्या तासाभराचं काय सांगू! आम्ही चेंडू अडवायचो आणि चुकीच्या गादीकडे फेकायचो, जिथे आमचंच कोणी नसायचं. कुसुमनं उजव्या मनगटाला रिबीन बांधली आणि 'रिबिनीकडं, रिबिनीकडं' असं पुटपुटत पळायची. बघणारे लोक पोट धरून हसत होते. पण पोरी चिवट होत्या. पाणी धरणाऱ्या, ज्वारी सोंगणाऱ्या पोरी. पळायला नि फेकायला कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. शेवटच्या बारीत आम्ही एकाच धावेनं मागे होतो. दोघी बाद झालेल्या, तिसरी बाद झाली की बारी संपते. कुसुम तिसऱ्या गादीवर, आणखी एक दुसऱ्या गादीवर, आणि बॅट माझ्या हातात. मी मारून पहिल्या गादीवर पोहोचले, की त्या दोघी घरी येणार आणि सामना आमचा.

"ओढ वं! ओढून हाण!" दोरीपाशी मोठेबाबा पटका हातात घेऊन नाचत होते.

मी सरांना शोधलं. ते जवळ कुठेच नव्हते. मग दिसले. मैदानाच्या उजव्या टोकाला, दोरीच्या बाहेर, हात ओंजळीसारखे धरून उभे होते. तिथे निंब नव्हता एवढंच.

चेंडू आला तो बाहेरचा. आणि जोरात. मी येऊ दिला. अजून येऊ दिला. वाट दाखवली. तो पहिल्या गादीवर उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यावरून गेला. मागे उजव्या कोपऱ्यातली त्यांची मुलगी बुटाची लेस बांधत होती. तिच्याकडे दिवसभरात चेंडू आलाच नव्हता. तिला कळेपर्यंत तो दोरीकडे निघाला होता. असा फटका मी आयुष्यात पुन्हा मारला नाही. आणि मी पळाले. जीव खाऊन पळाले.

डावीकडे.

दोन वर्षं रोज पन्नास वेळा माझे पाय ज्या बाजूला पळाले होते, त्याच बाजूला पळाले. अर्ध्या वाटेत समोरून कुसुम येताना दिसली. ती तिसऱ्या गादीवरून घरी निघाली होती आणि मी घरून तिसऱ्या गादीवर. आम्ही दोघी समोरासमोर थांबलो.

"तू इकडं काऊन येऊन राह्यली वं?" ती म्हणाली.

तेव्हा मला लोकांचा आवाज ऐकू आला. मी वळले, पण लेस बांधणाऱ्या मुलीनं तोवर चेंडू आणून निवांतपणे पहिल्या गादीवर दिला होता. तिला पळायचीही गरज पडली नाही.

सामना गेला, आणि आमचा खेळही गेला. दुसऱ्या दिवशी सरांनी हेडमास्तरांना सांगितलं, "हारलो. पोरींची चूक नाई, माही हाये." हेडमास्तर वाईट बोलले नाहीत. मैदान कबड्डीला दिलं. पोत्यांतला भुसा काढून पोती झटकून परत भांडारात गेली. बॅट ऑफिसाच्या दाराला टेकण म्हणून लागली. वाऱ्यानं दार आपटायचं ना. सर पुन्हा भूगोल शिकवू लागले, हजेरी शेवटून घेऊ लागले. माझं अकरावीनंतर लग्न झालं, मी संग्रामपूरकडे आले, पुन्हा वांगी नि मिरची. सर निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्याचं कानावर आलं. नंतर गेल्याचंही आलं. मी त्यांना भेटायला जायला हवं होतं. गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता राहून गेलं, आणि या एका गोष्टीला मात्र 'जाऊ द्या' म्हणणं मला जमलेलं नाही.

आता माझा नातू बुलढाण्याला सॉफ्टबॉल खेळतो. तो सांगतो, आजी, आमचे सर म्हणतात ओढून मार, ताकद वाढते. त्याच्या मित्राचे सर म्हणतात, मुळीच ओढू नको. म्हणजे अजूनही जुंपलेलंच आहे. नातू मला विचारतो, तुझं काय मत? माझं मत म्हणजे काय! मी त्याला दांडावर नेते, हातात फावडं देते. त्याला कंटाळा येतो, पण करतो.

पण त्या बुलढाण्याच्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं, आणि सर म्हटलं की मला तेच आठवतं.

सामना संपल्यावर मैदान रिकामं झालं. आमच्या एस.टी.ला अर्धा-पाऊण तास होता. पोरी गाठोड्यापाशी बसल्या होत्या. मी लांब बसून रडत होते. सर मैदानाच्या त्या टोकाकडून चालत आले आणि माझ्याजवळ उभे राहिले. मला त्यांचा राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "वहीत डाव्या हाताले काऊन लेह्यलं तुमी?"

सरांनी वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "मले डाव्या हातालेच दिसे तो," म्हणाले.

"कसा?"

"अमरावतीले चाळीस मास्तर होते, पोरी. सगळे शहरातले, कॉलेजात खेळलेले. मले म्हटलं, तुमी तिकडं मागं उभे राहा. त्या कोपऱ्यात." त्यांनी हात केला तो त्याच उजव्या टोकाकडे, जिथून ते आत्ता आले होते. "तिथून पाहिलं तं पहिला बेस डाव्या हाताले दिसते. म्या तसंच लेह्यलं."

"दहा दिवस?"

"हाव. दहा दिवस."

"बॅट नाई भेटली?"

"नंबर नाई आला."

मी डोळे पुसले. "चेंडू?"

सर हसले. "त्या कोपऱ्यात कोण मारते? सगळे ओढून मारत, तिकडं, डावीकडं. म्या दहा दिवस असे हात धरून उभा होतो. आता येईन, मंग येईन. एक बी नाई आला." मग त्यांनी वही उचलली, खिशात घातली, आणि म्हणाले, "जाऊ द्या."

मी उठले. बॅट घेतली. कुसुमला हाक मारली, म्हटलं चेंडू घे. ती आली. बाकीच्याही आल्या, काय चाललंय हे कोणी विचारलं नाही. मी म्हटलं, "सर, तुमी तिकडं जा."

"काऊन?"

"जा ना तुमी."

ते गेले. आधी चालत, मग धावत. त्या टोकाला जाऊन वळले आणि हात धरले. कुसुमनं बाहेरचा चेंडू टाकला. मी घाई केली. तो डावीकडेच गेला. पोरींनी आणून दिला. दुसरा टाकला. डोळ्यांत पाणी होतं, चेंडू नीट दिसत नव्हता, पण पाणी पायापाशी आलेलं कळायला डोळे लागत नाहीत. येऊ दिला. वाट दाखवली.

तो उंच गेला आणि सरांच्या थेट हातात उतरला. सरांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. पुन्हा आमच्याकडे फेकायला हवा होता, पण ते तसेच धरून उभे राहिले. आम्ही कोणी मागितला नाही.

तेवढ्यात मोठेबाबा स्टँडकडून धापा टाकत आले. "अवो पोट्ट्याहो, गाडी लागली! निघून राह्यली ना!" मग त्यांनी आम्हाला पाहिलं, आणि लांब टोकाला चेंडू छातीशी धरून उभे असलेले सर पाहिले. काय कळलं त्यांना कोण जाणे. पटका डोक्याला घट्ट बांधला, धोतराचा सोगा खोचला.

"जाऊ द्या तिले," मोठेबाबा म्हणाले. "दुसरी येईन." आणि ते मैदान ओलांडून सरांच्या शेजारी गेले, आणि हात पुढे धरून उभे राहिले.